लुक्रेशिया मॉट: क्वेकर होती म्हणून, की क्वेकर असूनही?

खिडकीतून

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीबद्दल सध्या जमेल तसं वाचतेय. सुझन अँथनी आणि एलिझाबेथ केडी स्टँटन ही दोन नावं सगळीकडे येतातच, पण त्यांच्या कितीतरी आधीपासून पाय रोवून उभी असलेली लुक्रेशिया मॉट प्रत्येक ठिकाणी एका ओळीत उरकलेली असते. "क्वेकर उपदेशिका आणि समाजसुधारक", झालं, पुढचा परिच्छेद स्टँटनवर. (क्वेकर म्हणजे एक ख्रिस्ती पंथ.) वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदभवनात, या तिघींचा मिळून एकच संगमरवरी पुतळा आहे म्हणे, त्यात ही आहे, म्हणजे ऐरीगैरी तर नव्हतीच.

आता प्रश्न. जिथे तिथे असं लिहिलेलं असतं की क्वेकरांमध्ये बाई-पुरुष समान मानतात, त्यामुळे त्यांच्यातून अशा बायका निघणारच. ऐकायला छान आहे पण मग पुढे वाचावं तर तिच्याच पंथातली मंडळी तिला बाहेर काढायला टपलेली, लंडनला गुलामगिरीविरोधी परिषदेत बसू न देणाऱ्यांतही क्वेकरच. मग हे सगळं ती क्वेकर होती म्हणून झालं की क्वेकर असूनही? आणि दुसरं म्हणजे तिचं नाव शिक्षणाशी जोडतात, पण तिने स्वतः एखादी शाळा काढून चालवल्याचं काही दिसत नाही, तर तिचं शिक्षणातलं काम नक्की काय?

(सावित्रीबाईंशी तुलना कृपया वेगळ्या धाग्यात करा, तो विषय मोठा आहे आणि इथे मूळ प्रश्न वाहून जाईल.)

बोरूबहाद्दर

दोन्ही. पण आधी "म्हणून"वाली बाजू सांगतो, कारण ती लोक फार ढोबळ सांगतात.

प्रत्येक माणसाच्या आत देवाचा प्रकाश आहे, म्हणून पगारी पाद्री नाही, सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो, मग ती बाई का असेना, हे सगळं खरंच आहे. १८१७ मध्ये तिचा लहानगा मुलगा टॉमस गेला आणि त्यानंतर ती मीटिंगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनासभेत, उठून बोलायला लागली, १८२१ मध्ये तिला रीतसर मिनिस्टर (उपदेशक) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा ती २८ वर्षांची होती. त्या काळात बाकीच्या चर्चमध्ये बाईने चारचौघांत बोलणं हाच मुळात गुन्हा समजायचे.

पण माझ्या मते बोलण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कामकाज. क्वेकरांमध्ये बायकांची स्वतंत्र बिझनेस मीटिंग असायची, तिथे त्यांची स्वतःची क्लार्क (सभा चालवून नोंद ठेवणारी), स्वतःच्या कमिट्या, वृत्तांत लिहून ठेवायचा, गरिबांना मदत कुणी किती करायची, कुठल्या लग्नाला संमती द्यायची, कुणाच्या वागण्याची चौकशी करायची, सगळं बायका बघणार. म्हणजे ज्या वयात इतर घरांतल्या पोरी पाहुण्यांसमोर पियानो वाजवायला शिकत होत्या तेव्हा यांना टाचणं तयार करायची सवय. मॉट स्वतः बायकांच्या वार्षिक सभेची क्लार्क होती.

त्यात ती नॅन्टकेट बेटावरची. जन्म १७९३. तिथले पुरुष व्हेल मारायला समुद्रावर गेले की वर्ष वर्ष घरी नाहीत. बाप टॉमस कॉफिन जहाजाचा कप्तान, त्याचं जहाज दक्षिण अमेरिकेकडे स्पॅनिश लोकांनी पकडलं आणि तो बेपत्ताच, घरच्यांनी आशा सोडली होती, तीन वर्षांनी परत आला. तोवर आई दुकान चालवत होती, मालाची ने-आण, हिशेब, सगळं. बाईला व्यवहारातलं काही कळत नाही हे वाक्य त्या बेटावर कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं.

आता गंमत ऐका. डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली, गुलामगिरी ताबडतोब बंद करा म्हणणारी. मॉटला ऐकायला बोलावलं, तिने उठून मसुद्यात सुधारणासुद्धा सुचवल्या, पण जाहीरनाम्यावर सह्या फक्त पुरुषांच्या. तिच्या नवऱ्याची, जेम्स मॉटची, सही आहे. तिची नाही. मग काही दिवसांतच बायकांनी आपली वेगळी फिलाडेल्फिया फीमेल अँटी-स्लेव्हरी सोसायटी काढली, गोऱ्या आणि काळ्या बायका एकत्र, जे तेव्हा फारच दुर्मिळ. आणि पहिल्या सभेला अध्यक्ष कोण, तर जेम्स मॅक्रमेल नावाचा कृष्णवर्णीय दंतवैद्य! कारण ठराव मांडणं, अनुमोदन देणं, मतं मोजणं यातलं बायकांना काहीच माहीत नव्हतं, हे मॉटनेच पुढे सांगितलंय. क्वेकर मीटिंगमध्ये मतदान नसतंच ना, सगळ्यांचा कल कुठे आहे ते बघून क्लार्क नोंद करतो. म्हणजे संघटना चालवायची सवय पंथाकडून मिळाली, पण जाहीर सभेचे नियम बाहेर येऊन शिकावे लागले. ती सोसायटी पुढे १८७० पर्यंत चालली, उगाच नाही.

सडेतोड

बोरूबहाद्दर, प्रतिसाद चांगला आहे पण तुम्ही फार गोड चित्र काढलंत. मला विचाराल तर "असूनही" हेच बरोबर.

फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७७६ मध्येच सभासदांना गुलाम ठेवायची बंदी केली, ते मान्य. पण त्यानंतर काय? आर्च स्ट्रीटच्या मीटिंगमध्ये काळ्या लोकांसाठी मागे वेगळा बाक. सारा मॅप्स डग्लस ही कृष्णवर्णीय शिक्षिका आणि तिची आई त्या बाकावर बसायच्या आणि शेजारी कुणी गोरं बसायचं नाही. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या ग्रिम्की बहिणी मुद्दाम जाऊन त्यांच्याजवळ बसल्या तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या. "सगळ्यांच्या आत प्रकाश" म्हणायचं आणि बाक मात्र वेगळा!

यावर कुणी म्हणेल की आर्च स्ट्रीटवाले ऑर्थोडॉक्स, मॉट तर हिक्साइट. (१८२७ मध्ये क्वेकरांत उभी फूट पडली, एलियास हिक्सच्या बाजूचे ते हिक्साइट, बायबलच्या शब्दापेक्षा आतल्या प्रकाशाला जास्त मानणारे.) पण हिक्साइटांनी तरी काय दिवे लावले? न्यूयॉर्कच्या हिक्साइट मीटिंगने १८४१ मध्ये आयझॅक हॉपरला काढून टाकलं, का, तर गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्राशी संबंध. हॉपर म्हणजे पळून आलेल्या गुलामांना वाचवण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस. मॉटवरही कारवाई करायचे प्रयत्न झाले, पण ती नियम इतके काटेकोर पाळायची की पकडायला जागाच मिळेना. साधे कपडे, साधी भाषा, मीटिंगला हजर, कसं काढणार?

आणि लंडन, जून १८४०. जागतिक गुलामगिरीविरोधी परिषद. अमेरिकेहून रीतसर निवडून आलेल्या बायका प्रतिनिधी म्हणून गेल्या, तर पहिला दिवस यांना बसू द्यायचं की नाही याच वादात गेला आणि शेवटी नाही. कठड्याच्या पलीकडे प्रेक्षकांत बसा, ऐका, बोलायचं नाही. परिषद भरवणाऱ्यांत इंग्लंडचे ऑर्थोडॉक्स क्वेकर पुढे होते आणि त्यांच्या नजरेत मॉट दुहेरी गुन्हेगार, एक तर बाई आणि वर हिक्साइट म्हणजे पाखंडी. अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीचा पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन उशिरा पोचला आणि बायकांना नाही तर मलाही नाही म्हणून गॅलरीत जाऊन बसला, तो क्वेकर नव्हता बरं का! तिथेच नव्याने लग्न झालेली स्टँटन तिला भेटली, त्या भेटीतूनच पुढे १८४८ ची सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क परिषद उभी राहिली.

मधुमालती

शिक्षणाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

खिडकीतून ताई, तिने शाळा काढून चालवली असं खरंच नाही, पण मुळात ती शिक्षिकाच होती हे लोक विसरतात. १३व्या वर्षी तिला न्यूयॉर्क राज्यातल्या नाइन पार्टनर्स या क्वेकर बोर्डिंग शाळेत घातलं. मुलं-मुली एकाच शाळेत पण एकमेकांशी बोलायची बंदी. एका मुलाला शिक्षा म्हणून खोलीत कोंडलं होतं तर ही बहिणीला घेऊन चोरून मुलांच्या बाजूला गेली आणि दाराखालून त्याला पाव-लोणी सरकवलं, असा किस्सा सांगतात. पुढे तिथेच आधी मदतनीस आणि मग शिक्षिका झाली, आणि तिथे तिला पगाराचा हिशेब कळला. मुलींकडून फी मुलांइतकीच घेतात, पण त्याच मुली शिकून शिक्षिका झाल्या की पगार पुरुष शिक्षकाच्या निम्मा. हा अन्याय मला तेव्हाच स्पष्ट दिसला असं तिने स्वतः म्हटलंय. तिच्या समान हक्कांच्या विचाराची सुरुवात मी तरी लंडनच्या परिषदेत नाही, या पगारपत्रकात मानते. (जेम्स मॉट त्याच शाळेत शिकवायचा, १८११ ला लग्न झालं, म्हणजे जास्त पगारवाल्यांपैकीच एकाशी :))

पुढचं तिचं काम संस्थांच्या पाठीशी उभं राहण्याचं. वर बाकाच्या गोष्टीत आलेली सारा मॅप्स डग्लस फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलींची शाळा चालवायची, तिला बायकांच्या सोसायटीने पैशाचा आधार दिला. सारा नुसती मदत घेणारी नव्हती हां, त्या सोसायटीच्या पहिल्या कार्यकर्त्यांपैकी होती. १८५० मध्ये त्याच शहरात बायकांचं मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्यामागेही क्वेकर मंडळी, आणि पहिल्या तुकडीतली अ‍ॅन प्रेस्टन पुढे १८६६ मध्ये त्याच कॉलेजची डीन झाली. मग स्वार्थमोर कॉलेज, १८६४ मध्ये सनद, १८६९ मध्ये वर्ग सुरू, पहिल्या दिवसापासून मुलं-मुली एकत्र. मॉट दांपत्य त्याच्या उभारणीत होतं. तिथून १८७३ मध्ये बाहेर पडलेली हेलन मॅगिल चार वर्षांनी बॉस्टन युनिव्हर्सिटीतून पीएचडी झाली, अमेरिकेत पीएचडी मिळवणारी ती पहिली बाई.

आणि १८४९ चं तिचं स्त्रियांवरचं भाषण मिळालं तर जरूर वाचा. कुणी एक विद्वान गृहस्थ फिलाडेल्फियात येऊन बायकांच्या हक्कांच्या मागणीची टिंगल करून गेले, तिने उत्तर दिलं. त्यात गाभा असा की बाईला निसर्गाने कमी दिलं म्हणता, पण तिची बुद्धी वाढू द्यायची सोय तरी कधी केलीत? वाटेतले अडथळे काढा ही मेहेरबानीची विनंती नाही, हक्काची मागणी आहे. पावणेदोनशे वर्षं झाली तरी शिळं वाटत नाही.

सडेतोड

मधुमालती, स्वार्थमोरचं कौतुक ठीक पण त्याच कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळायला १९४० चं दशक उजाडावं लागलं हेही लिहा की. मॉटला जाऊन तेव्हा ६० वर्षं झाली होती. बाक पुन्हा आलाच.

मधुमालती

लिहायलाच हवं, बरोबर आहे. पण तो दोष त्या विश्वस्तांच्या माथी मारा, तिच्या का? ती आयुष्यभर मिसळूनच बसली. १८३८ चं पेनसिल्व्हेनिया हॉलचं प्रकरण बघा. गुलामगिरीविरोधी सभांना शहरात कुणी जागा देईना म्हणून लोकांनी वर्गणी काढून जवळजवळ ४० हजार डॉलर खर्चून स्वतःचा हॉल बांधला. १४ मे ला उद्‌घाटन. १६ ला संध्याकाळी आत अँजेलिना ग्रिम्की बोलतेय आणि बाहेरून खिडक्यांवर दगड येताहेत, ती थांबली नाही, तासभर बोलली. १७ ला मेयरने सभा बंद करा म्हणून सांगितलं, हॉलच्या किल्ल्या घेतल्या, जमावापुढे छोटं भाषण केलं की आम्ही इथे सैन्य बोलवत नसतो, तुम्हीच माझे पोलीस, आणि घरी गेला!! रात्री हॉल पेटवला. आगीचे बंब आले ते शेजारच्या इमारतींवर पाणी मारत राहिले. तीन दिवसांचा हॉल. जमाव मग मॉटच्या घराकडे निघाला होता, ओळखीच्या एका तरुणाने पुढे होऊन भलत्याच रस्त्याला वळवला म्हणून वाचले, ती दोघं घरातच बसून होती. त्या दिवशी हॉलमध्ये भरलेल्या बायकांच्या परिषदेतून बाहेर पडताना गोऱ्या बायका काळ्या मैत्रिणींच्या हातात हात घालून गर्दीतून चालत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या एका शाळेत जमल्या आणि राहिलेलं कामकाज पुरं केलं. बैठक पुढे ढकलायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही बहुतेक.

खिडकीतून

बापरे, सगळ्यांचे आभार, हॉलचं तर काहीच माहीत नव्हतं. अजून एक. सेनेका फॉल्सला मताधिकाराच्या ठरावाला मॉटनेच खो घालायचा प्रयत्न केला असं वाचलं, "लिझी, तू आपलं हसं करशील" असं ती स्टँटनला म्हणाली म्हणे. हे खरं का? खरं असेल तर मताधिकारवाल्या पुतळ्यात ती कशी हा प्रश्न पडतो.

बोरूबहाद्दर

स्टँटननेच पुढे तसं सांगितलंय, आणि मॉटचा एकूण स्वभाव बघता पटण्यासारखं आहे. पण त्याचा अर्थ ती हक्काच्या विरोधात होती असा काढू नका. ९ जुलै १८४८ ला वॉटरलू गावात जेन हंटच्या घरी चहाला पाच जणी जमल्या, मॉट, तिची बहीण मार्था राइट, मेरी अ‍ॅन मॅक्लिंटॉक, स्वतः जेन आणि स्टँटन. स्टँटन सोडली तर बाकी चौघी क्वेकर घरांतल्या. १० दिवसांत, १९ आणि २० जुलैला परिषद भरली. सुमारे ३०० माणसं आली, शेवटी जाहीरनाम्यावर १०० सह्या, ६८ बायका आणि ३२ पुरुष. मताचा ठराव सोडून बाकीचे एकमताने, मताच्या ठरावाला मात्र फ्रेडरिक डग्लस (गुलामगिरीतून सुटून आलेला कृष्णवर्णीय पुढारी) उभा राहून बोलला तेव्हा कुठे तो काठावर पास झाला.

आता मॉटची अडचण कुठली? तिच्यासारखे कट्टर क्वेकर राजकारणापासून लांब राहायचे. जे सरकार गुलामगिरी सांभाळतं आणि युद्ध करतं (मेक्सिकोशी चाललेलं युद्ध त्याच वर्षी संपलं होतं) त्या सरकारला मत देऊन त्यात भागीदार का व्हायचं, असा हिशेब. पुरुषांनीही मत देऊ नये असं वाटणारी माणसं ही. १८४९ च्या भाषणात तिने ते सोडवलंय, बाईला मताचा हक्क पुरुषाइतकाच आहे, तिने तो वापरावा की नाही हा पुढचा प्रश्न. मला हे अगदी स्वच्छ वाटतं. हक्क असणं आणि तो बजावणं यात ती गल्लत करत नव्हती.

पण एक प्रसंग सडेतोड यांना आवडेल. सेनेका फॉल्सला बाईने अध्यक्ष होणं बरं दिसणार नाही म्हणून मुख्य सत्राला अध्यक्ष जेम्स मॉट. दोन आठवड्यांनी, २ ऑगस्टला रॉचेस्टरला पुढची परिषद, तिथल्या बायकांनी अ‍ॅबिगेल बुश नावाच्या बाईलाच खुर्चीवर बसवायचं ठरवलं, तर विरोध कुणी केला? स्टँटन आणि मॉटने! फार धाडसाचं होईल म्हणाल्या. बुशबाई बसल्या, सभा व्यवस्थित पार पडली. आणि १८५२ ला सिराक्यूजच्या राष्ट्रीय परिषदेला अध्यक्ष स्वतः लुक्रेशिया मॉट. चार वर्षांत इतका फरक.

ताकपोळी

मी एरवी नुसती वाचते, पण एक राहिलंय म्हणून लिहिते. ती पक्की अहिंसावादी होती, आणि ते तिच्या अंगणात येऊन ठेपलं होतं. यादवी युद्धात १८६३ ला फिलाडेल्फियाबाहेर तिच्या "रोडसाइड" नावाच्या घराला लागूनच कॅम्प विल्यम पेन उभा राहिला, कृष्णवर्णीय सैनिकांच्या प्रशिक्षणाचा, आणि जमीन तिच्या जावयाची. जवळपास ११ हजार सैनिक तिथून तयार होऊन गेले. म्हणजे आयुष्यभर युद्ध वाईट म्हणणाऱ्या बाईच्या कुंपणापलीकडे रोज कवायत, आणि ते सैनिक कशासाठी लढायला निघालेत तर तिने ३० वर्षं ज्यासाठी जीव काढला त्याचसाठी. तिने कॅम्पला हाकलून लावलं नाही आणि शांततेचं मतही बदललं नाही, त्यांच्यापुढे जाऊन बोललीसुद्धा. त्या वस्तीला आज ला मॉट म्हणतात, तिच्याच नावावरून.

घरात गुलामांच्या श्रमातून आलेली साखर आणि कापूस वापरायचा नाही हा नियम होता, आणि नवऱ्याचा धंदाच कापसाचा! १८३० च्या सुमाराला त्याने तो सोडून लोकर धरली. उत्पन्नावर पाणी सोडायची तयारी असलेला नवरा मिळणं हाही एक भाग आहे, असं माझं प्रामाणिक मत.

सडेतोड

ताकपोळी, हे आवडलं. लिहीत जा.

मी "असूनही"वर ठाम आहे, पण एक गोष्ट मान्य करतो. अ‍ॅबी केली ही गुलामगिरीविरोधी व्याख्याती १८४१ ला वैतागून क्वेकरांतून बाहेर पडली, ग्रिम्की बहिणींना पंथाबाहेरच्या एका लग्नापायी काढलं, म्हणजे बाहेरचा रस्ता उघडा होता, तरी मॉट १८८० मध्ये मरेपर्यंत आतच राहून भांडली. तिचं आवडतं वाक्य होतं की सत्य हेच प्रमाण, प्रमाण सांगतं म्हणून ते सत्य नव्हे. हे वाक्य घेऊन ती दर आठवड्याला त्याच लोकांसमोर जाऊन बसत होती ज्यांना ते अजिबात नको होतं. हॉपरला काढल्यावर मी तर मीटिंगचं तोंड पाहिलं नसतं.

बोरूबहाद्दर

आणि तुमच्या "असूनही"ला अजून एक खोडा, जाता जाता. १९२० ला मताधिकार मिळाल्यावर १९२३ मध्ये सेनेका फॉल्सच्या ७५व्या वर्षाला समान हक्कांची घटनादुरुस्ती जाहीर केली ती अ‍ॅलिस पॉलने. पॉल क्वेकर, हिक्साइट घरातली, शिकली स्वार्थमोरला. त्या दुरुस्तीला तिने नाव दिलं लुक्रेशिया मॉट अमेंडमेंट.

सडेतोड

ती काँग्रेसमध्ये पास व्हायला १९७२ उजाडलं आणि मग पुरेशा राज्यांनी मुदतीत मान्यता दिली नाही. पुतळाही १९२१ ला मिळाला तो तळघरात ठेवून दिला होता, वर रोटंडात, म्हणजे घुमटाखालच्या मुख्य दालनात, आणला १९९७ ला. त्याचं खापर क्वेकरांवर फोडत नाही, काळजी नसावी.

खिडकीतून

तळघरात ७६ वर्षं?? कुणी ठेवला, का ठेवला, कुणाला माहिती असेल तर नवीन धागा काढा, मी वाट बघतेय.